बाळंतपणानंतरच्या दुखण्यावर मॉक्साचा शेक: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

मॉक्साच्या शेकात होणाऱ्या बहुतेक चुका कांडी पेटवण्याआधीच झालेल्या असतात. दुखणे कोणत्या प्रकारचे आहे हे न पाहता शेक सुरू होतो, खोली बंद केली जाते, बाळ शेजारीच झोपलेले असते आणि विझवण्याची सोय मात्र कोणाच्याच लक्षात नसते. चीनमध्ये ‘आय-च्यू’ या नावाने ओळखला जाणारा हा शेक म्हणजे ‘आय-त्साओ’ या वनस्पतीच्या वाळलेल्या पानांची लव कागदात घट्ट वळून केलेली कांडी पेटवायची आणि तिचा निखारा त्वचेला न टेकवता काही अंतरावर धरायचा. प्रसूतीनंतरचा पहिला महिना उबेत आणि विश्रांतीत काढण्याची जी चिनी रीत आहे, तिच्यात ओटीपोट, कंबर आणि पाय यांना अशी ऊब दिली जाते.

शेक-शेगडीची सवय असलेल्या मराठी घरात ही कांडी आली की तीच सवय तिलाही लावली जाते. शेगडीने सगळी खोली ऊबदार होते आणि ओवा-शेपाची धुरी मुद्दाम केली जाते. मॉक्सात मात्र बोटाएवढा निखारा एका ठरावीक जागेवर धरायचा असतो आणि धूर जितका कमी तितका बरा. हा फरक लक्षात ठेवूनच पुढचे टप्पे वाचावेत.

टप्पा १ : हे दुखणे शेकण्याजोगे आहे का?

प्रसूतीनंतर गर्भाशय आकुंचन पावत असल्यामुळे ओटीपोटात कळा येतात. बाळाला पाजताना गर्भाशय आकुंचित करणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते, म्हणून त्या वेळी कळा वाढतात; दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाळंतिणीला त्या अधिक जाणवतात. बहुधा पहिले दोन-तीन दिवस त्यांचा जोर असतो आणि मग तो आपोआप ओसरतो. या कळांसाठी घरी मॉक्सा पेटवण्याची घाई करू नये. आधी लघवीला जाऊन यावे, कारण भरलेल्या मूत्राशयामुळे गर्भाशय वर ढकलले जाते आणि कळा वाढतात. ही साधी गोष्ट आश्चर्य वाटावे इतक्या वेळा विसरली जाते. तरीही त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून वेदनाशामक घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या प्रसूतीपश्चात मार्गदर्शक सूचनांमध्ये या कळांसाठी आयबुप्रोफेनच्या गटातली तोंडाने घ्यायची औषधे सुचवलेली आहेत. मॉक्साने सुख वाटते म्हणून तो घ्यावा. औषधाला पर्याय म्हणून घेऊ नये.

मॉक्सासाठी योग्य दुखणे वेगळे असते. कळांचा जोर ओसरल्यावर ओटीपोटात जी बोथट ओढ राहते, कंबर धरल्यासारखी वाटते आणि पोट व पाय हाताला गार लागतात, त्या वेळी हा शेक बरा वाटतो. चिनी वैद्य यासाठी एक सोपी कसोटी वापरतात. उबदार तळहात ओटीपोटावर ठेवून हलका दाब द्यावा. ऊब आणि दाब दोन्ही हवेसे वाटले तर ते दुखणे शेकाचे समजतात. हात लावू द्यावासा वाटत नसेल, दाबल्यावर दुखणे वाढत असेल किंवा अंग तापले असेल, तर त्या दिवशी शेक नाही.

इशारा : पुढीलपैकी काहीही असेल तर शेक बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जावे. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असणे. स्रावाला दुर्गंधी येणे. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणे किंवा मोठ्या गाठी पडणे. कमी होत आलेला लाल स्राव पुन्हा एकाएकी वाढणे. एकाच पायाच्या पोटरीला सूज येऊन ती दुखणे. तीव्र डोकेदुखी किंवा अंधारी येणे. सुजलेल्या पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते, म्हणून ती शेकूही नये आणि चोळूही नये.

टप्पा २ : केव्हा सुरू करावे

साधी योनीमार्गे प्रसूती झाली असेल, तर चौथ्या-पाचव्या दिवसाआधी घरी शेक सुरू करू नये. तोपर्यंत स्रावाचा गडद लाल रंग उतरून तो तपकिरी किंवा गुलाबीसर होऊ लागलेला असावा. दिवस मोजण्यापेक्षा या रंगावर अधिक विसंबावे: सहावा दिवस असूनही लाल रक्त भरपूर जात असेल तर थांबावे. प्रसूतीत बराच रक्तस्राव झाला असेल, रक्तदाब वाढलेला असेल, मधुमेहामुळे त्वचेची संवेदना मंद असेल किंवा दमा असेल, तर डॉक्टरांच्या संमतीशिवाय सुरुवात करू नये.

सिझेरियन झालेल्या स्त्रीने अधिक थांबावे. व्रण ओटीपोटाच्या खालच्या भागात, म्हणजे जिथे शेक द्यायचा त्याच्या अगदी जवळ असतो, आणि त्याभोवतीची त्वचा कित्येक महिने बधिर राहू शकते. बधिर त्वचेला चटका कळत नाही. त्यामुळे टाक्यांची जागा पूर्ण भरून येईपर्यंत आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी होकार देईपर्यंत पोटावर निखारा आणू नये. तोवर पायांवरचा शेक घेता येतो. कमरेत भुलीची सुई दिलेली असेल तर त्या जागेलाही निदान आठवडाभर हात लावू नये.

योनीमार्गाजवळच्या टाक्यांवर मॉक्सा कधीही धरू नये. तिथली सूज आणि दुखणे यांना सुरुवातीच्या दिवसांत थंड पट्टीच उपयोगी पडते. शेकाच्या उत्साहात हे उलटे केले जाते.

टप्पा ३ : सामान जमवणे

कांडी साधारण १८ मिलिमीटर जाडीची आणि २० सेंटीमीटर लांबीची मिळते. वेष्टनावर बरेचदा ५:१, १५:१ असे प्रमाण छापलेले असते. किती वजनाच्या पानांतून एक भाग लव काढली ते त्यावरून कळते. आकडा मोठा तितकी लव शुद्ध आणि आच सौम्य, असा त्याचा अर्थ घेतला जातो. मात्र हे आकडे नेहमी खरे असतील असे धरून चालू नये. कांडीचे टोक कुस्करून पाहावे: आत मऊ, फिकट पिवळसर लव दिसली तर कांडी बरी, हिरवट चुरा आणि काड्या दिसल्या तर ती तडतडते आणि ठिणग्या उडवते. अशी कांडी बाळंतिणीसाठी वापरू नये.

‘बिनधुराची’ म्हणून मिळणारी काळी कांडी कोळशासारखी असते. तिचा धूर कमी असला तरी आच अधिक तीव्र असते आणि जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतोच. म्हणून धूर दिसत नाही या भरवशावर खिडक्या लावून घेऊ नयेत.

आपल्याकडचा दवणा मॉक्साच्याच कुळातला असला, तरी तो वाळवून, वळून पेटवण्याचा प्रयोग करू नये. त्याची जात वेगळी आहे आणि घरी वळलेली कांडी समान जळत नाही.

याशिवाय पुढील वस्तू हाताशी असाव्यात: राख झटकायला जाड चिनी मातीचा वाडगा, कांडी विझवायला घट्ट झाकणाची काचेची बरणी (तळाशी बोटभर कोरडी वाळू किंवा कच्चे तांदूळ घालून), एक ओला आणि एक कोरडा सुती टॉवेल, पाण्याने भरलेला तांब्या, घड्याळ आणि लांब काडीचा लायटर. कांडीचे टोक सगळीकडून समान लाल व्हायला एक-दोन मिनिटे लागतात, त्यामुळे काड्यापेटीने बोटे भाजण्याची शक्यता असते. चीनमध्ये विझवण्यासाठी कांडीच्या मापाची धातूची नळी मिळते. ती मिळाली तर उत्तमच.

तपासा : विझवण्याची बरणी आणि पाणी समोर ठेवल्याशिवाय कांडी पेटवायची नाही.

टप्पा ४ : खोली, बाळ आणि मदतनीस

बाळंतिणीने स्वतःच्या पोटावर स्वतः कांडी धरू नये. पहिल्या आठवड्यांत झोप अपुरी झालेली असते, ऊब लागली की डोळे मिटतात आणि हात खाली येतो. म्हणून आई, सासू, नवरा किंवा दाई यांपैकी एक व्यक्ती पूर्ण वेळ समोर बसलेली असावी आणि तिने शेकाच्या काळात फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.

बाळाला आधी पाजून घ्यावे. त्यामुळे पाजतानाच्या कळा शेकाच्या वेळेत येत नाहीत आणि बाळही बहुधा झोपी जाते. मग त्याला दुसऱ्या खोलीत न्यावे व दार लावावे. नवजात बाळाच्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. बाळ पाळण्यात आहे, धूर वर जातो, असली समजूत करून घेऊ नये.

चिनी घरांतही इथेच मोठी चूक होते. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या जातात आणि त्याच खोलीत कांडी जळत राहते. यावर तोडगा सोपा आहे: बाळंतिणीचे खांदे, छाती आणि पाय पांघरुणाने झाकून फक्त शेकायची जागा उघडी ठेवावी आणि पलंगापासून दूरची खिडकी चार बोटे उघडी ठेवावी. त्याच वेळी खोलीत शेगडी किंवा धुरी असता कामा नये. परदेशातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी धूर ओळखणारी यंत्रणा छतावर कुठे आहे ते आधी पाहून ठेवावे. ती बंद करण्यापेक्षा खोली बदलावी.

अंगावर नायलॉन किंवा सॅटिनचा गाऊन नसावा. केस बांधलेले असावेत. मालिश झालेली असेल तर अंगावरचे तेल पुसून घ्यावे. वेदनाशामक बाम लावलेला असेल तर त्या दिवशी त्या जागी शेक घेऊ नये, कारण मेंथॉलच्या गारव्यामुळे उष्णतेचा अंदाज चुकतो. पोट अगदी रिकामे नसावे. जेवण झाले असेल तर तासभर जाऊ द्यावा. शेवटी लघवीला जाऊन यावे.

टप्पा ५ : जागा शोधून खूण करणे

चिनी वैद्यकात शेक देण्याच्या ठरावीक जागांना बिंदू म्हणतात. ते शोधताना माप नेहमी बाळंतिणीच्या शरीराचे घ्यावे, शेक देणाऱ्याच्या बोटांचे नव्हे. चिनी पद्धतीत अंगठ्याच्या पेराची रुंदी म्हणजे एक ‘त्सुन’ आणि जुळवून ठेवलेल्या चार बोटांची रुंदी म्हणजे तीन त्सुन.

*पोट.* बेंबीपासून ओटीपोटाच्या तळाशी हाताला लागणाऱ्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर पाच त्सुन धरतात. बाळंतपणानंतर पोटाची कातडी सैल असल्यामुळे बोटांनी मोजण्यापेक्षा हे अंतर सुतळीने घेऊन तिचे पाच समान भाग करणे अधिक अचूक ठरते. बेंबीखाली दीड भागावर छीहाय आणि तीन भागांवर क्वानयुआन हे बिंदू येतात. प्रसूतीनंतर गर्भाशय बेंबीच्या आसपास असते आणि रोज सुमारे एक सेंटीमीटर खाली उतरते. म्हणजे पहिल्या दीड-दोन आठवड्यांत आपण ज्या पट्ट्यावर ऊब देतो, त्याच्या खालीच ते असते.

*कंबर.* बेंबीच्या बरोबर मागे, कण्याच्या रेषेवर मिंगमन हा बिंदू आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड त्सुनावर, म्हणजे सुमारे दोन बोटांवर, शनशू हे जोडबिंदू आहेत.

*पाय.* आतल्या घोट्याच्या उंचवट्यापासून चार बोटे वर, नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला सानयिनच्याओ हा बिंदू आहे.

धुता येणाऱ्या पेनाने छोटे ठिपके द्यावेत. एखादा ठिपका अर्ध्या बोटाने चुकला तरी बिघडत नाही, कारण शेक अॅक्युपंक्चरच्या सुईसारखा टोकदार नसतो. जागा अचूक शोधण्याच्या नादात बाळंतिणीला पंधरा मिनिटे उघडे ठेवणे ही त्याहून मोठी चूक आहे.

टप्पा ६ : प्रत्यक्ष शेक

चिनी पद्धतीतला क्रम आधी पाठ, मग पोट आणि शेवटी पाय असा आहे. तो पाळण्याचा व्यवहारी फायदाही आहे: पाठ शेकून झाली की बाळंतिणीला उताणे होऊन स्वस्थ पडून राहता येते आणि शेवटी पुन्हा कूस बदलावी लागत नाही.

१. धरण्याची रीत. कांडी पेनासारखी धरावी आणि त्याच हाताची करंगळी बाळंतिणीच्या अंगावर टेकवून ठेवावी, म्हणजे हात डुगडुगत नाही आणि अंतर बदलत नाही. दुसऱ्या हाताची पहिली दोन बोटे शेकायच्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना त्वचेवर ठेवावीत. हा बारकावा सर्वांत महत्त्वाचा आहे. बाळंतिणीला जेवढी आच लागते साधारण तेवढीच या दोन बोटांना लागते, त्यामुळे तिने सांगण्याआधीच आच वाढल्याचे कळते.

२. अंतर. पुस्तकी अंतर दोन ते तीन सेंटीमीटर आहे. घरी सुरुवात पाच सेंटीमीटरवर करावी आणि हळूहळू तीनपर्यंत यावे. त्याहून जवळ येण्याची गरज नाही. हिवाळ्यात सकाळच्या उन्हाकडे पाठ करून बसल्यावर जे सुख वाटते, तेवढीच ऊब हवी. टोचल्यासारखे किंवा चुरचुरल्यासारखे वाटले की कांडी लगेच दूर न्यावी. ‘सोसवेल तेवढे सोस’ हा सल्ला इथे घातक आहे.

३. कंबर. बाळंतिणीला कुशीवर झोपवावे. दुधाने भरलेल्या छातीवर पालथे पडणे तिला सहन होत नाही. गुडघ्यांमध्ये उशी द्यावी आणि पाठीलगत गादीवर ओला टॉवेल अंथरावा, म्हणजे पडलेली राख त्यावर विझते. मिंगमन आणि दोन्ही शनशू यांच्यावरून कांडी हळूहळू आडवी फिरवावी. पहिल्या दिवशी पाच मिनिटे आणि पुढे दहा मिनिटांपर्यंत पुरते.

४. पोट. उताणे झोपवून गुडघ्यांखाली उशी द्यावी, म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात. छीहाय ते क्वानयुआन या पट्ट्यात तळहाताएवढे सावकाश वर्तुळ काढत राहावे. पहिल्या दिवशी पाच मिनिटे द्यावीत. त्रास झाला नाही तर पुढे दहापर्यंत. बेंबीत मीठ भरून त्यावर मॉक्सा जाळण्याची जी जुनी पद्धत आहे ती घरी करू नये, कारण तापलेले मीठ तडतडून उडते आणि खोल भाजते.

५. पाय. प्रत्येक पायाला पाच मिनिटे पुरेशी आहेत.

तपासा : दर दोन मिनिटांनी कांडी अंगापासून पूर्ण बाजूला नेऊन वाडग्याच्या कडेवर राख झटकावी. राख एक सेंटीमीटर लांब झाली की ती केव्हाही पडते, आणि राखेच्या थराने आच अडल्यामुळे देणारा नकळत कांडी जवळ आणतो. राख झटकल्यावर निखारा एकदम तापतो, म्हणून प्रत्येक वेळी पाच सेंटीमीटरपासूनच पुन्हा सुरुवात करावी.

पेटवलेली कांडी आत ठेवून अंगावर ठेवायची लाकडी मॉक्सापेटी चीनमध्ये घरोघरी वापरतात आणि तिच्यामुळे हात मोकळा राहतो हे खरे आहे. परंतु सैल पोटावर ती नीट बसत नाही आणि आच वाढली तरी झटकन दूर होत नाही. निदान पहिला आठवडा हातानेच शेक द्यावा.

त्वचा फिकट गुलाबी, समान उबदार आणि किंचित दमट लागली की त्या जागेचा शेक पुरा झाला, मग घड्याळात वेळ उरलेली असली तरी. लाल ठिपके दिसले तर आधीच उशीर झालेला आहे. घाबरल्यासारखे वाटणे, मळमळ, चक्कर किंवा ओटीपोटात नव्याने कळा सुरू होणे, यांपैकी काही झाले तर शेक तिथेच थांबवावा.

टप्पा ७ : विझवणे

कांडी वाळूत किंवा तांदळात खोवून बरणीचे झाकण घट्ट लावावे. वरून काळी पडलेली कांडी आतून बराच वेळ धुमसत असते. ती खिडकीच्या कट्ट्यावर दाबून विझवणे, नुसती वाडग्यात ठेवणे किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकणे यांमुळे आग लागू शकते. वीस मिनिटांनी झाकण काढून टोक तपासावे. धुराची रेघ दिसली तर पुन्हा बंद करावे. वाडग्यातली राख टाकण्यापूर्वी तिच्यावर पाणी ओतावे.

टप्पा ८ : शेक झाल्यावर

अंग झाकून पंधरा-वीस मिनिटे पडून राहावे आणि कोमट पाणी प्यावे. लगेच आंघोळ करू नये. खोलीची खिडकी पूर्ण उघडून वास जाईपर्यंत हवा खेळू द्यावी; बाळ त्यानंतरच आत आणावे. शेक देणाऱ्याने आणि घेणाऱ्या आईने हात धुऊन, वरचे कपडे बदलून मगच बाळाला घ्यावे.

भाजलेच तर ती जागा लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावी. पोटासारख्या जागी साध्या पाण्यात भिजवलेले कापड पुन्हा पुन्हा बदलत राहावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये. फोड आला तर फोडू नये. फोड मोठा असेल, पोटावर असेल किंवा त्यातून पू येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

टप्पा ९ : किती दिवस, आणि केव्हा थांबावे

दिवसातून एकदा, एकूण अर्ध्या तासाच्या आत. दुखणे जास्त म्हणून दोनदा, असे करू नये. पहिल्या शेकानंतर पुढचा दिवस मोकळा ठेवून स्राव वाढतो का ते पाहावे. वाढला नाही तर पुढे तीन-चार दिवस सलग देता येईल. त्यानंतरही कंबर किंवा ओटीपोट तसेच दुखत राहिले, तर कांडी बदलून पाहण्यापेक्षा तपासणी करून घ्यावी: लघवीचा संसर्ग, गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा किंवा पाजताना बसण्याची चुकीची ढब, यांपैकी कशालाही मॉक्साचा उपयोग नाही.

तोंड कोरडे पडणे, झोप उडणे, हिरड्या दुखणे यांना चिनी वैद्य उष्णता वाढल्याची लक्षणे मानतात आणि शेक बंद करायला सांगतात. आपणही तेच करावे. चीनमध्ये प्रसूतीनंतर ४२ व्या दिवशी आईची तपासणी होते. आपल्याकडेही सहा आठवड्यांनी बोलावतात. त्या भेटीत, कोणत्या दिवसापासून आणि शरीराच्या कोणत्या भागांवर शेक घेतला, हे न विचारताही डॉक्टरांना सांगावे. उरलेल्या कांड्या हवाबंद डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवाव्यात. पुन्हा दिवस राहिल्याची शंका आली तर पोटावर, कमरेवर आणि घोट्यावरच्या बिंदूंवर त्या वापरू नयेत.